बकारामचं पीस

"आले! बकारामभाऊ आले!" कोणीतरी ओरडलं आणि तलावाच्या पाळीवरची सारी गर्दी हात जोडून खाली बसली.

खाली सुमित्राबाईच्या धानाच्या बांधीत लाल मानेचा, माणसाएवढा उंच सारस चिखलातले दाणे टिपत होता. भैयाजी महाराजांनी शाल झटकली, हात हवेत फिरवला, आणि मुठीत राखी रंगाचं पीस!

"देखो माई! पति का आशीर्वाद! चोला बदला है, प्रेम नहीं बदला!"

जयजयकार झाला. सुमित्राबाईनं पीस कपाळाला लावलं. बोलली मात्र नाही. बोलणार कशी? महाराजांनी तिला मौन दिलं होतं. "मुँह खोला, तो पंछी उड़ा!"

माझं डोकंच फिरलं. मी सेवकराम, रिटायर्ड मास्तर, तिचा शेजारी. माझी बकरी तिच्या वालाचा वेल खायची आणि आम्ही कुंपणावरून रोज भांडायचो. माझी बायको गेल्यावर बोलायला तेवढंच माणूस उरलं होतं. मग तिचा बकाराम तापानं गेला, वर्षाच्या आत हे महाराज उगवले, आणि कुंपणापलीकडचा आवाजच बंद झाला. खोटं कशाला सांगू, घर खायला उठायचं.

त्याहून वाईट झालं ते दामिनीचं. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आईनं तिला तेल लावलं, न्हाऊ घातलं, गरम भात वाढला, पण तोंडातून शब्द नाही.

"आई, एकडाव तरी 'पोरी' म्हण ना वो!" दामिनी रडून राहिली होती. आई पदरानं डोळे पुसत बांधीकडे बघत बसली. पोरगी बाळंतपणाआधीच सालेकशाला सासरी निघून गेली.

त्याच सुमारास पाखरांचा अभ्यास करणारी डॉ. रंजिता आमच्याकडे आली. सारसाची गळालेली पिसं गोळा करत गावोगाव हिंडायची. पिसाच्या मुळाशी पेशी असतात, पेशीत डीएनए. त्यावरून पाखराचं नातंगोतं कळतं, असं तिनं सांगितलं. मी तिला दोन पुड्या दिल्या. एकीत बांधीच्या चिखलातून मी स्वतः वेचलेली पिसं, दुसरीत महाराजांनी वाटलेली, लोकांकडून मागून आणलेली प्रसादाची.

निकाल घेऊन ती स्वतःच आली.

"गुरुजी, इथले सारस उत्तरेकडच्या सारसांचेच भाऊबंद आहेत. पण इतके थोडे उरलेत, की सगळे एकमेकांचे सगेच निघाले. एखादा रोग आला तर सगळ्यांनाच घेऊन जाईल." तिनं दुसरा कागद उलगडला. "आणि तुमच्या पुड्या. चिखलातली पिसं एका मादीची आहेत. प्रसादाची सगळी एका नराची."

मी खदखदून हसलो. बकाराम मादी! सारसात नर-मादी सारखेच दिसतात, नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाही. महाराज तिथंच फसले होते. मग एकदम माझं हसू गेलं. तो नर कुठे होता?

सकाळी पाळीवर रंजितानं सगळ्यांसमोर निकाल सांगितला. महाराज डगमगले नाहीत.

"अरे, आत्मा में क्या नर, क्या मादा!"

"बराबर हाये," गर्दीनं माना डोलावल्या.

मी म्हटलं, "मानलं. पण प्रसादाची पिसं या पाखराची नाहीतच. मग कोणाची?"

महाराज जपमाळ ओढू लागले. तेवढ्यात सुमित्राबाई उठली. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज फाटकाच निघाला.

"सारस एकटा राहत नाही, महाराज. इचा जोडीदार कुठी हाये?"

"मैंने नहीं मारा!" महाराज बोलून गेले. "बिजली के तार के नीचे मरा पड़ा था..."

कोणीतरी शाल ओढली. आतल्या खिशातून पिसांची जुडी चिखलात पडली. मेलेल्या नराची पिसं उपटून ठेवलेली! पाखरू यावं म्हणून बांधीत पहाटे भिजवलेलं धान आपण फेकायचो, हेही महाराजांच्या चेल्यानं कबूल केलं. लोक महाराजांच्या अंगावर धावले. सुमित्राबाई मात्र पाखराकडेच बघत होती.

"म्हंजे हे बी माह्यासारखीच," ती म्हणाली आणि मोठ्यानं रडू लागली. मी जिंकलो होतो, पण मला काही गोड लागलं नाही. तिचा बकाराम दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी त्यात माझा हात होता.

डोळे पुसून तिनं विचारलं, "गुरुजी, सालेकशाची गाडी कव्हा हाये? माही पोरगी वाट पाहून राहिली असन."

पिशवी घेऊन निघताना ती कुंपणाशी थांबली. "तुमची बकरी माह्या वेलावर दिसली, त पाहा मंग!" अहाहा! कान निवले माझे.

मंडळी, सारस जोडीनं राहतो हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी इतके महिने एकानंही विचारलं नाही, दुसरा कुठे? डीएनए तपासायला प्रयोगशाळा लागते, पण एवढं विचारायला लागत नाही. विचारत जा बाबांनो.

संध्याकाळी ती सारस मादी बांधीत एकटीच मान वर करून ओरडत होती. ओरडायची, थांबायची, ऐकायची. तिला ओ द्यायला कोणी उरलं नव्हतं. दामिनीला ओ द्यायला तिची आई होती, आणि त्या आईला आम्ही गावानं मिळून मुकी करून ठेवलं होतं.