वैभवीला मराठी येत नाही

फाडफाड जपानी बोलणाऱ्या पोरीसाठी मराठी दुभाषी हवी, असा फोन आला तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पोरगी बारा वर्षांची, वैभवी. जन्म इथलाच, जपानमधला, पण बापाचा व्हिसा केव्हाच संपलेला, म्हणून हिचेही कागद नाहीत. इमिग्रेशनचे ओगावा-सान मला आधीच म्हणाले, "मराठी येत असेल तर ती भारतात शिकू शकेल. नसेल, तर इथे ठेवायचा विचार करू."

म्हणजे मला भाषांतराला नाही, पोरीला पकडायला बोलावलं होतं. राग आला. पण खरं सांगते, ओगावांपेक्षा पोरीचा जास्त आला. मराठी घरातली आणि मराठी कळत नाही? माझी लेकही जपानीतच उत्तरं देते, पण कळतं सगळं. हिला बापाने, त्या संजीवने, नक्की पढवून आणलं होतं.

"शाळेत मैत्रीण कोण गं तुझी?" मी विचारलं.

"वाकारानाई." कळत नाही. प्रत्येक प्रश्नाला हेच. ताकास तूर लागू देईना.

तेवढ्यात टेबलाखाली तिचा पाय मला लागला. पोरीने पटकन माझ्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला नेला. सापडली, म्हटलं.

ओगावांनीही पाहिलं. "हे काय?"

"मी बोलण्याचं भाषांतर करते. हाताचं तिलाच विचारा." संशय असला म्हणून काय झालं, चहाडी मी करणार नव्हते.

त्यांनी जपानीत विचारलं.

"आई असं करायची," ती म्हणाली. "का, ते माहीत नाही. मी पाच वर्षांची असताना आई वारली."

"आणि वडील?"

"बाबा घरात जपानीच बोलतात. मराठी ऐकलं तर शेजारी तक्रार करतील म्हणून."

संजीव बाहेर बाकावर बसला होता. मनातल्या मनात मी त्याला काय काय म्हटलं होतं. लाज वाटली मला.

ओगावांनी शेवटचा प्रश्न दिला. भारतात पाठवलं तर कोणाकडे राहशील? नियम म्हणून मी तो मराठीतून विचारला. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग जपानीतून विचारला.

"तुम्ही तिथे कोणाला ओळखता का?" तिने मलाच विचारलं.

पुण्यात माझा अख्खा गोतावळा आहे. पण दुभाष्याने स्वतःचं उत्तर द्यायचं नसतं.