आणीबाणीचा केक

आमच्या कार्यालयात आणीबाण्यांचे वाढदिवस साजरे होत. परदेशातल्या संकटांवरून जाहीर झालेल्या आणि तिथला पैसा इथे गोठवून ठेवणाऱ्या आणीबाण्या सांभाळणं हेच आमचं काम. प्रत्येकीला दर वर्षी मुदतवाढ लागते. वर्ष भरायच्या आत राष्ट्राध्यक्षांच्या सहीची सूचना राजपत्राकडे आणि संसदेकडे गेली नाही, तर आणीबाणी आपोआप मरते. गेल्या वर्षीची सूचना काढायची, साल बदलायचं, सहीला पाठवायची. धोका ‘असामान्य आणि असाधारण’ आहे, हे वाक्य इतकी वर्षं होतं तसंच राहिलं आहे.

सही होऊन कागद मार्गी लागला की डोलोरेस, आमची जुनी सचिव, कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणायची. आणीबाण्या चाळिसाच्या वर असल्याने महिन्यातून तीन-चार वेळा तरी केक होई. मी इथे आकडेवारी पाहते, त्याआधी प्रयोगशाळेत होते. आणीबाण्यांची संख्या आणि आमच्या कंबरेचा घेर यांचा संबंध मला आलेखाशिवायही दिसत होता.

अफगाणिस्तानच्या केकला मात्र शकीबा हात लावत नसे. ती आमच्याकडे वकील आहे, जन्म हेरातचा. तिची धाकटी बहीण रोया तिथल्या इस्पितळात सुईण आहे. पहिल्या वर्षी कुणीतरी शकीबाला प्रेमाने सुरी दिली होती, तुझ्याच देशाचा आहे, तूच काप म्हणून. तिने सुरी पुसून परत ठेवली.

मागच्या उन्हाळ्यात डोलोरेस निवृत्त होऊन डेलावेअरच्या किनाऱ्यावर राहायला गेली आणि कॅल्विन व्हिटलॉक आमचा प्रमुख झाला. हा माणूस जेवणाच्या सुट्टीत पळायला जातो. त्याने केक बंद करून गाजराच्या फोडी सुरू केल्या आणि तारखा सांभाळायला नवी संगणक यंत्रणा आणली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी शकीबा गाजर चघळत माझ्या टेबलाशी आली. चेहरा प्रसन्न होता.

“आज आमचा वाढदिवस. आणि केक नाही. कॅल्विनला शंभर वर्षं आयुष्य लाभो.”

मी हसले. मग हसू थांबलं. या वर्षीची सूचना माझ्या नजरेखालून गेलीच नव्हती. धोक्याचे आकडे जोडायला ती माझ्याकडे येते. तसं मी तिला सांगितलं.

शकीबा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. उरलेलं गाजर तिने टेबलावर ठेवलं.

“न सांगितलं तर?” ती हळूच म्हणाली. “मरू दे ना एकदाची. दर वर्षी माझ्या आईच्या गावाला धोका म्हणायचं आणि वर क्रीम खायचं.”

पुढचं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिच्या देशाच्या बँकेची न्यूयॉर्कमधली ठेव या आणीबाणीनेच कुलूपबंद केली आहे. कुलूप लागल्यापासून रोयाच्या इस्पितळात हातमोजे धुऊन वापरतात. पण कुलूप निघालं तर ठेव हेरातला जाणार नाही. इथल्या न्यायालयांत जुन्या हल्ल्यांच्या भरपाईचे दावे जिंकून बसलेल्यांचे वकील ती मध्येच उचलतील. आज कुलूप आहे, म्हणून निदान कधीतरी काही मिळेल अशी आशा तरी आहे.

“फार छान व्यवस्था केली आहे आपण,” शकीबा उठत म्हणाली. “घरात आग, आणि दाराबाहेर चोर.”

ती कॅल्विनच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. यंत्रणेने विचारलं होतं, गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं? कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, काही नाही. यंत्रणेने प्रकरण निकाली काढून टाकलं होतं.

“यात तर काही करायची गरज नाही असं आहे,” कॅल्विन म्हणाला.

“काहीच बदललेलं नाही, कॅल्विन, हीच तर आणीबाणी आहे,” शकीबा म्हणाली. “आणि ती आज संपते.”

कॅल्विनचं पळणं पहिल्यांदाच कार्यालयाच्या उपयोगी पडलं. शकीबाने साल बदललं, मी आकडे जोडले, तो कागद घेऊन आधी सहीला, मग संसदेकडे आणि राजपत्राकडे धावला. राजपत्राची खिडकी बंद होण्याआधी कागद पोचला. परत आला तेव्हा त्याचा शर्ट भिजला होता. त्याने सगळ्यांदेखत डोलोरेसला फोन लावून बेकरीचं नाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि गाजरांबद्दल जे बोलली ते मी इथे लिहीत नाही.

केक आणायला शकीबाच गेली. बेकरीतल्या मुलीने वर काय लिहायचं विचारल्यावर तिने सांगितलं होतं, ‘गेल्या वर्षीप्रमाणेच’. कॅल्विनने मुकाट्याने दोन तुकडे खाल्ले.

तेवढ्यात रोयाचा फोन आला. तिथे रात्रपाळी चालली होती. एवढा आवाज कसला, असं तिने विचारलं असावं.

“वाढदिवस आहे,” शकीबा म्हणाली. “तुमचाच.”

पलीकडे रोया हसलेली मलाही ऐकू आली. मग तिने आणखी काही विचारलं. शकीबाने प्लेट जवळ ओढली, पहिल्यांदाच एक घास तोंडात घातला आणि तो पूर्ण चावून होईपर्यंत उत्तर दिलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीही.”