अप्पाच्या अँबेसेडरचं छत

उमरग्यात हायवेला कुशनची दुकानं लई हायेत, पण "बब्रूचं दुकान कुठंय?" म्हणून इचारलं की माणसं आधी हसतेत, मग बोट दाखवतेत. वरनं सांगतेत, "खुर्चीत बसायच्या आधी हात लावून बगा."

ते खरंय. एकदा म्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या खोळीत वाळल्या पापडाची चवड शिवून ठेवली होती. बँकेतले एक सायेब बसले आन खाली असं करकरलं, की बिचारे उठून आपल्याच पॅन्टची शिवण चाचपायले.

पण ही सगळी किरकोळ. माझं खरं सावज म्हणजे शिवशरण. माझ्या दुकानाला भिंत लावून त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. मिसरूड फुटायच्या आधीची दोस्ती आमची, आन दोस्ती म्हणजे काय, तर एकमेकाला फशी पाडायचं. म्या त्याच्या चहात मीठ टाकायचं, त्यानं माझी स्कूटर म्या जेवायला गेल्यावर गुलाबी रंगवायची. एकदा म्या सगळ्या बाजारात सांगून आलो, शिवशरणला पोरगी झाली म्हणून. लोक बाळंतविडा घेऊन दारात! त्याची बायको त्या साली आजी झालेली.

नेम एकच होता. फशी पाडणाऱ्यानं दिवस मावळायच्या आत यायचं, पोट धरून हसायचं, आन प्रेमाबाईच्या टपरीवर चहा पाजायचा. चहा झाला की इषय मिटला. चहा न्हाय झाला, तर मग ती मस्करीच न्हाय. ते दुसरंच काय तर.

तर अवंदा पाऊसकाळ सरता सरता बंडप्पा अप्पा दुकानात आले. अप्पा म्हणजे आडतीतलं मोठं नाव, पण आईपुढं अजून चड्डीतलं पोरगं. वडलांची जुनी अँबेसेडर त्यांच्या गोदामात हरभऱ्याच्या पोत्यांमागं कवाची पडून होती. ती नीट करायला काढली होती. इंजिन सोलापुरात झालं, पत्रा आन रंग शिवशरणनं केला. आतलं छत तेवढं राहिलं होतं.

"बब्रुवान, दसऱ्याला आई ह्या गाडीत बसून महादेवाला जाणार हाय," अप्पा म्हणले. "छत होतं तसंच पायजे. जमतंय का?"

मागं त्यांच्या आई उभ्या होत्या, शांतम्मा. काठी टेकत पुढं आल्या.

"ह्यांची सवय होती बग. गाडी सुरू करायच्या आधी वर छताला टिचकी मारायचे. टम्म वाजायचं, हलगीवानी. मग म्हणायचे, हं, निघू." आन त्यांनी हवेतच एक टिचकी मारून दाखवली. "तसं वाजलं पायजे."

"वाजंल, अव्वा," म्या म्हणलं. "न्हाय वाजलं तर माझं डोस्कं वाजवा."

आता तुमाला वाटंल, छत म्हणजे काय, कापड चिकटवलं की झालं. आताच्या गाड्यांचं तसंच हाय. पण जुन्या अँबेसेडरचं छत चिकटवत न्हाईत, टांगतेत. पत्र्याखाली ह्या दारापासनं त्या दारापर्यंत वाकड्या सळया असतेत. कापडाच्या पाठीला पायजम्यासारखे नेफे शिवायचे, एकेका नेफ्यात एकेक सळई घालायची, मग चारी कडा ताणत न्यायच्या. ताण बरोबर बसला की कापड बोलतंय. गुलबर्ग्याच्या माझ्या उस्तादांनी मला हे काम शिकवलं, आन शिकल्यापासनं करायला गाडीच मिळाली न्हवती. ट्रकचे शीट आन रिक्षाचे टप शिवण्यात केस पिकले. एक तरी छत आपल्या हातानं टांगावं, एवढी एकच हाव राहिली होती. सगळ्या गोष्टीची थट्टा केली म्या जन्मभर, ह्याची न्हाय.

ह्यातली गोम सळयांत असती. दिसायला सगळ्या सारख्या, पण एकीचा बाक दुसरीला न्हाय. पुढची चपटी, मधली उंच, मागच्या उतरत्या. एक जरी जागा चुकली तरी छत गेलं. म्हणून जुनं कापड उतरवताना म्या एकेका सळईला दोरा बांधला. पहिलीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीच्या दोन, अशा पाचीला. सळया गंजल्या होत्या, त्या घासून रंग मारायला शिवशरणकडं दिल्या.

"घासताना दोरा सोड, रंग वाळला की ज्याचा त्याला बांध," म्हणलं. "गाठी चुकवू नको, मर्दा."

"मला शिकवतो का? तुझ्या लग्नात तुझ्या मुंडावळ्या म्या बांधल्या होत्या."

"म्हणून तर सगळं लगीन एका डोळ्यानं बगितलं म्या."

दोघं हसलाव. गाठींची खूण आमा दोघांबिगर कुणाला ठाव न्हवती.

कापड सोलापूरहून आणलं, दुधाच्या सायीच्या रंगाचं. जुनं छत उसवून त्याच्यावरनं बेतलं. शिवताना म्या मशिनीजवळ चहा बी येऊ दिला न्हाय, डाग पडंल म्हणून. दसरा अगदी तोंडावर आला तवा कापड खांद्यावर टाकून अप्पाच्या गोदामात गेलो. शिवशरणनं सळया आधीच आणून ठेवल्या होत्या, लालभडक, दोरे बांधलेल्या. त्यो सोता मात्र दिसला न्हाय.

शांतम्मा खुर्ची टाकून बसल्या. अप्पा उभे. हमाल पोत्यांवर चढून बसलेले, बब्रू काय तर गंमत करणार म्हणून.

गाठी मोजत सळया नेफ्यात घातल्या. पुढच्या काचंपासनं ताणत आलो. जादाचं कापड कापलं, कडा दाबल्या. दारांवरच्या बी झाल्या. आन मागं आलो तर कापड ऐकंना. मधी गाभण शेळीवानी लोंबायलंय आन मागं आखूड पडायलंय. म्या ताणलं. अजून ताणलं. नेफ्यावरनं चर्रकन फाटलं.

पाठीवर आडवं पडून वर हात घातला. सळई चाचपली. दोऱ्याला गाठी चार, पण बाक मधलीचा! मधल्या सळईचा दोरा मागचीला, मागचीचा मधलीला.

आन तवा मला काय सुचावं? म्या हसलो.

"आरं शिव्याऽ! लेका!" म्हणून गाडीत आडवं पडून पोट धरून हसलो. आमचा नेमच तसा. एवढी मोठी मस्करी त्यानं कवा केली न्हवती. वाटलं, आता पोत्यामागनं निघंल, हसंल, चहा पाजंल, आन मग दोघं मिळून दुसरं कापड ताणू. थोडं उरलं होतं, जोड देऊन भागलं असतं.

बाहीर आलो तर अप्पाचं तोंड लाल.

"बब्रुवान, माझ्या आईच्या गाडीत बी मस्करी?"

"म्या न्हाय, अप्पा. ही शिवशरणची—"

"हसायलंय कोण? शिवशरण का तू?"

माझं हसू अजून तोंडावरनं उतरलं बी न्हवतं. वर बसलेला एक हमाल म्हणला, "बब्रूभाऊ, बास की आता. खरं छत दाखवा."

सगळ्यांला वाटत होतं, हे फाटकं खोटं हाय आन खरं म्या कुठं तर दडवलंय. खरं कुठनं दाखवू?

शांतम्मा उठल्या. पदर सावरला आन काठी टेकत घराकडं गेल्या.

म्या तिथनं थेट टपरीवर.

"टाकू का चहा?" प्रेमाबाईनं इचारलं.

"थांब. शिवशरण येऊ दे. आज त्याच्याकडनं हाय."

हायवेवर हैदराबादकडच्या ट्रका जायल्या. म्या बसलो. मनात त्याला पैकीच्या पैकी मार्क देऊन झाले होते. गिऱ्हाइकं आली, गेली. ऊन टपरीच्या पत्र्यावरनं खाली उतरलं, मग रस्त्यापल्याड गेलं. प्रेमाबाईनं भांडी घासायला घेतली.

"न्हाय येत वाटतं," ती म्हणली.

"येतंय. हसू आवरत न्हसंल."

तिनं हात पुसले. "बब्रूभाऊ, म्या मघाशी पाणी आणाय गेले तवा त्यो मागच्या रस्त्यानं गेला की. जावयाच्या गाडीवर मागं बसून. अप्पाच्या गोदामाकडं."

त्याचा जावई शिवकुमार. त्यानं नुकतंच गाड्या सजवायचं दुकान टाकलं होतं. काचंचं दार, आत एसी, आन गिऱ्हाईक एक न्हाय.

सकाळी गोदामात गेलो. सळया कोपऱ्यात फेकलेल्या. शिवकुमार गाडीत घुसून पत्र्याला फोमचं कापड चिकटवायला लागलेला, आन सासरा सोल्युशनचा डबा धरून बाजूला उभा.

म्या हसलोच. म्हणलं, "चहा कुठंय रं?"

"कसला चहा?" शिवशरण डब्यात बगत म्हणला.

"गाठींचा."

"कसल्या गाठी?"

एवढ्या वर्सात माझ्याकडं न बगता त्यो माझ्याशी कवा बोलला न्हवता. तवा कुठं माझं हसू उतरलं. पार पायापर्यंत.

अप्पा आतनं आले. म्या त्यांचा हात धरला. "अप्पा, ह्यानं दोरे बदलले सळयांचे. महादेवाची आण घेतो."

"अप्पा," शिवशरण आता वर बगून म्हणला, "ह्याचं बोलणं कवापासनं खरं धरायला लागलाव? मला पोरगी झाली म्हणून ह्यानंच सांगितलं होतं न्हवं गावभर?"

हमाल खदाखदा हसले. अप्पाला बी हसू फुटलं. खरं सांगतो, दुसऱ्या कुणावर असतं तर म्या बी हसलो असतो, एवढं बेस्ट जमलं होतं. माझ्याच हत्यारानं मला कापलं, आन धार बी म्याच लावून दिलेली.

म्या बाहीर पडलो. त्यो मागं आला, दारापर्यंत. आवाज पाडून म्हणला, "पोरीचा घोर हाय, बब्रू. जावयाचं दुकान चालाय पायजे. एक चांगली गाडी त्याच्या हातनं गेली की नाव होतंय."

"मागायचं की मला."

"दिलं असतंस?"

न्हाय दिलं असतं. दुसरं काय बी दिलं असतं, दुकानाची किल्ली दिली असती. हे न्हाय. आन ते त्याला ठाव होतं. माझं मन नेमकं कुठं गुतलंय, ते एकट्या त्यालाच ठाव होतं, म्हणून तर सुरी बरोबर तिथंच लागली.

"मला वाटलं, तू हसशील," त्यो म्हणला. "तू कशावर बी हसतोस."

दसऱ्याला गाडी निघाली. झेंडूच्या माळा, पुढं लिंबू, रंग तर असा की तोंड बगून घ्यावं. रंगात शिवशरणचा हात कुणी धरायचा न्हाय. माझ्या दुकानासमोर आली आन थांबली. मागच्या शिटावरनं शांतम्मांनी काच खाली घ्यायला लावली.

म्या जवळ गेलो. त्यांनी हात वर केला आन छताला टिचकी मारली.

थप्प. गादीवर मारावी तशी.

परत मारली. थप्प.

"बोलत न्हाय," त्या म्हणल्या. मग माझ्याकडं बगितलं. मनाला लागलं की त्यांची कानडी बाहीर येती. "याकप्पा, बब्रू? का रे बाबा? सगळ्यांची करतोस, करावं. माझी बी केलीस?"

सांगायला तोंड उघडलं. पुढनं अप्पा वळून बगायले होते, आता हा काय नवीन सोडतोय म्हणून, व्हटाच्या कडंला हसू धरून. म्या तोंड मिटलं. अव्वाच्या पाया पडलो. काच वर गेली आन गाडी गेली.

सांजंला शिवशरण आला. नवा सदरा, हातात आपट्याची पानं.

"घे रं बब्रू, सोनं घे. सोन्यासारखं ऱ्हा. झालं गेलं सोड आता."

म्या मशिनीवरनं उठलो. दोन्ही हातानं पान घेतलं. "तुमी बी सोन्यासारखं ऱ्हावा, शिवशरणराव. या, बसा."

"राव?" त्यो हसला. "आता काय काढलास, लेका?"

त्यानं खुर्चीवर हात दाबून बगितला. गादी उचलली, खाली वाकून बगितलं. काय न्हवतं. कडंकडंनं बसला.

म्या प्रेमाबाईला हाक मारून चहा मागवला. "घ्या."

त्यानं कप नाकाला लावला. जिभंच्या शेंड्यानं चाटला. माझ्याकडं बगितलं. बोट बुडवून, तळातनं ढवळून, परत चाखला.

"मीठ न्हाय," त्यो म्हणला.

"न्हाय."

"साखर बी बरोबर हाय."

"तुमाला लागती तेवढीच सांगितली होती."

पंखा फिरायला. बाहीर पोरंसोरं सोनं लुटत पळायली.

"असं नको बोलू, मर्दा," शिवशरण म्हणला. "शिव्या दे. रंगाचा डबा पालथा घाल अंगावर. काय तर कर की!"

"सणाला घरी आलेल्याला काय करतेत? चहा गार होईल, घ्या."

त्यानं शेवटच्या घोटापर्यंत पिला. कप पालथा करून बुडाखाली बी बगितलं. मग उठला, आपल्या स्कूटरकडं गेला. दोन्ही चाकं दाबून बगितली, शीट उचलून बगितला, हँडल हलवून बगितलं. सगळं जागच्या जागी होतं. किक मारली, एका किकंत चालू झाली. तरी निघंना. मागं वळून बगत तसाच उभारला, कुठं काय तर फुटंल, काय तर वाजंल म्हणून.

काय वाजलं न्हाय.