कॅन्सर नसलेली गाठ

कॅन्सर नाही म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिथंच माती खाल्ली.

माझ्या नवऱ्याच्या, ऋतुराजच्या, पोटात महिनाभर कळा येत होत्या. जेवला की पोट फुगायचं, उलटी व्हायची, मग आपोआप थांबायचं. नौपाड्यातल्या सर्जननी सीटी स्कॅन बघून सांगितलं, "आतड्यात चरबीची गाठ आहे. मोठ्या माणसात क्वचित दिसते. कॅन्सर वाटत नाही. पण ती आतड्याला ओढून पुढच्या आतड्यात शिरवतेय. शर्टाची बाही आत जाते ना, तसं. अडकलं तर रक्तपुरवठा बंद होईल. याच आठवड्यात काढू."

माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं. डोंबिवलीला घरी येईपर्यंत निम्म्या नातेवाइकांना फोन करून झाले.

"दगडापेक्षा वीट मऊ. साधी गाठ आहे, पितृपक्षात पोट कशाला फाडायचं? घटस्थापना झाली की करू."

"अण्णा, गाठीला पंचांग कळतं का?"

"शिवानी, जिभेला काही हाड?"

मी ऋतुराजकडे बघितलं, तर हा मोबाइल चाळतोय. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे गं," म्हणाला. भित्रट कुठला! ऑपरेशन टळलं म्हणून मनातून खूशच होता.

आजेसासऱ्यांच्या श्राद्धाला त्याने खीर-वडे खाल्ले आणि तासाभरात लोळायला लागला. आधी अन्न पडलं, मग नुसतं हिरवं. पोट टणक झालेलं. अण्णांनी ओवा दिला. पित्त झालंय म्हणे.

संध्याकाळी दुखायचं एकदम थांबलं.

"बघ," अण्णा म्हणाले, "उगाच घाबरवत होतीस."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. गार घाम होता. तो माझ्याकडे बघत होता, पण ओळख पटल्यासारखं वाटेना. कोणाला न विचारता गाडी बोलावली आणि त्याला उचलून घातला.

ऑपरेशन करून सर्जन बाहेर आले, तेव्हा अण्णा धडपडत पुढे गेले.

"डॉक्टर, कॅन्सर नव्हता ना?"

"नव्हता. पण आतडं काळं पडलेलं. विष रक्तात गेलंय." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही आत या. आत्ताच भेटून घ्या."