घंटेवरची दोन नावं

"माझा नवस कधी वाया जात नाही," असं आई सगळ्या गल्लीला सांगायची. सून यावी म्हणून अकरा वर्षं तिने प्रार्थनाघराच्या पायऱ्या झिजवल्या. यंदा जावई आला. मला बहीण नाही.

तो लिफ्ट मेकॅनिक, मी कवळ्या बनवतो. आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो तिच्या आधी उठला आणि अख्खी प्रार्थना न अडखळता म्हणाला. तिने त्याच्या चहात साखर जास्त घातली आणि घंटा घडवायला टाकली. नवस घंटेचाच होता. घंटेवर आमची दोघांची नावं.

प्रार्थनाघराचे गुरुजी म्हणाले, "घंटा ठेवून घेतो. नावं तेवढी घासून आणा."

"चल आई, जाऊ दे," मी म्हटलं. इतकी वर्षं मी देवाला दाराबाहेरूनच नमस्कार करत होतो.

"तू गप रे. गुरुजी, नवसाची वही काढा. अक्षर तुमचंच आहे. वाचा."

गुरुजींनी चष्मा लावला. "'घरात एक चांगलं माणूस येऊ दे. लवकर उठणारं, देवाला मानणारं, हाताला काम असलेलं. माझ्या पोराला हसवणारं.'"

"ह्यातलं काय कमी आहे?"

गुरुजींनी पान उलटून मागेही पाहिलं. "अहो, पण मुलगी हवी हे लिहायचं राहिलंच की."

"आणि अकरा वर्षं आशीर्वाद देत होतात ते?"

"मला वाटलं, ते धरलेलंच आहे."

"मलाही वाटलं. देवाने नाही धरलं. आता त्याची चूक काढायची तर तुम्ही काढा. मला नाही जमायचं."

गुरुजींनी वही मिटली. मग म्हणाले, "शिडी मागच्या खोलीत आहे."

घंटा टांगायच्या सकाळी मी पहिल्या रांगेत बसलो, अगदी मधोमध. नवी कॉलर टोचत होती, तरी मान खाली घातली नाही. शेजारच्या काकूंनी विचारायच्या आत आईनेच सांगून टाकलं, "वर चढलाय ना, तो आमचा जावई. सगळ्या शहराच्या लिफ्टा त्याच्या हातात."

जावयाने तुळईतला शेवटचा बोल्ट आवळला. शिडी गुरुजींनी स्वतः धरली होती. आईला धीर निघेना, तिने दोर ओढला. घंटा दणदणीत वाजली. गुरुजींनी दोन्ही हातांनी कान झाकले.

शिडी पडली आणि मोडली. जावयाला तुळईवरून उतरवायला अग्निशमन दलाची गाडी सतरा मिनिटांनी आली.