दुसरी बाही

दाराची बेल पुन्हा वाजली तेव्हा माई स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला उभ्या होत्या. श्वाससुद्धा आवाज न करता घेत होत्या. बाहेर कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी बोललं आणि मग पावलं जिन्यावरून खाली गेली.

थोड्या वेळाने लेकीचा फोन आला.

"आई, तू घरात नव्हतीस का?"

"होते की. मी कुठे जाणार?"

"मग दार का नाही उघडलंस? पार्सलवाला परत गेला. तुझेच गुडघ्याचे पट्टे होते त्यात."

"तो एकटा नव्हता गं. दोघं होते. कुजबुजत होते काहीतरी."

"फोनवर बोलत असेल तो, आई."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माईंनी उभा जन्म रहस्यकथा लिहिण्यात घालवला होता. फार मोठं नाव नव्हतं, पण मासिकं हक्काने कथा मागायची आणि वाचक कळवायचे की तुमची गोष्ट वाचली की अंधारात पाणी प्यायला उठायची सोय राहत नाही. माई स्वतः मात्र तेव्हा कशालाच भीत नसत. खून लिहून झाला की हात धुऊन कुकर लावायच्या. भीती कागदावर उतरायची, पाकिटात बंद व्हायची आणि संपादकाकडे निघून जायची. पुढे यजमान गेले, मासिकं बंद पडली, उजवा हात थरथरायला लागला, आणि एकुलत्या एका लेकीने त्यांना आपल्याजवळ, परदेशी आणलं. लिहिणं सुटलं. रचणं काही सुटलं नाही. आता त्या गोष्टींना जायला जागा नव्हती, म्हणून त्या घरातच हिंडायच्या. लिफ्ट मध्येच थांबायची, गॅलरीतलं झाड हलायचं, शेजारच्या भिंतीपलीकडे काहीतरी जड पडायचं, आणि माई दाराची कडी पुन्हा तपासायच्या.

एकदा समोरच्या फुटपाथवर एक माणूस इमारतीचे फोटो काढताना दिसला. माईंनी घाबरून जावयाला फोन केला, जावयाने पोलिसांना. तो निघाला छप्पर दुरुस्त करणारा, इमारतवाल्यांनीच बोलावलेला. जावई त्यावर एक अक्षर बोलला नाही. पण संध्याकाळी लेकीचा दबलेला आवाज माईंच्या कानावर पडला. "एकदा डॉक्टरांना दाखवायचं का रे तिला?"

तेव्हापासून सगळ्या भीतींच्या वर एक भीती येऊन बसली. आपलं डोकं फिरत चाललंय की काय?

पार्सल परत गेलं त्या दिवशी लेक घरी येऊन त्यांच्याजवळ बसली. "आई, तू लिहायचीस तेव्हा कशी ठरल्या वेळेला टेबलाशी बसायचीस? घरात कुणी आजारी असो, पाहुणे असोत. तसा दिवस बांधून घे ना. रिकामं बसलीस की तुझं काहीतरी सुरू होतं."

माईंनी दिवस बांधायला घेतला. लेक-जावई कामाला गेले की अंघोळ, चहा, मग काठी घेऊन जिन्याने खाली. लिफ्ट नको. कोपऱ्यावरच्या बेकरीत एक पाव घ्यायचा. त्यासाठी लेकीने एक वाक्य पाठ करून घेतलं होतं आणि माई ते जिनाभर पुटपुटत उतरायच्या. बेकरीवाली ऐसपैस बाई होती. माईंचं वाक्य अर्ध्यावर आलं की तिचा हात पावाकडे गेलेला असायचा, पण पुरं होईपर्यंत ती थांबायची. मग बाकावर जरा टेकायचं आणि परत यायचं. पहिले काही दिवस रस्ता पुरता रिकामा झाल्याशिवाय माई तो ओलांडायच्या नाहीत. कुणी मागून चालत आलं की त्या भिंतीला चिकटून त्याला पुढे जाऊ द्यायच्या.

या सगळ्या वाटेवर न भिण्याची जागा एकच होती. इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत, एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी इस्त्री करत उभे असायचे. पूर्वी याच गल्लीत त्यांची लाँड्री होती, असं लेकीने सांगितलं होतं. दुकान गेलं, बायको गेली, पण सकाळी एक शर्ट इस्त्री केल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसावा. आधी कॉलर, मग खांदे, मग एक बाही, मग दुसरी, शेवटी पाठ. माई दिसल्या की इस्त्री किंचित वर उचलायचे. माई मान डोलवायच्या. इतकीच ओळख. माई मनातल्या मनात त्यांना लाँड्रीवाले म्हणायच्या. ते माईंना काय म्हणत होते, कोण जाणे.

त्या सकाळी खिडकीत कुणी नव्हतं.

माई पुढे गेल्या. असतील आत. पाव घेतला, आज बाकावर टेकल्या नाहीत, आणि परत आल्या. खिडकी तशीच रिकामी. भर उन्हात आतला दिवा जळत होता. त्या काचेजवळ गेल्या. टेबलावर निळा शर्ट पसरलेला होता, इस्त्री बाजूला उभी करून ठेवलेली. कॉलर झाली होती. खांदे झाले होते. एक बाही कडक, धारदार, आणि दुसरी चुरगळलेली, टेबलावरून खाली लोंबणारी.

हा माणूस दुसरी बाही टाकून जाणार नाही. पाहुणा येवो, फोन वाजो, बाही पुरी करूनच जाईल.

त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे गं. काय झालं?"

"लाँड्रीवाले दिसत नाहीयेत. शर्ट अर्धा टाकलाय."

"आई... बाहेर गेले असतील. तू वर जा बघू. जरा पड. मी दुपारी करते फोन."

तिचा आवाज गोड होता, लहान मुलाची समजूत काढावी तसा. माईंना तोच आवाज लागला. त्या वर गेल्या. पाव ओट्यावर ठेवला, खुर्चीत बसल्या. खरंच गेले असतील बाहेर. पुन्हा पोलीस, पुन्हा जावयाचं ते गप्प राहणं, आणि या वेळी डॉक्टर नक्की. आणि नसतील गेले तर? तर आत काय असेल ते माईंनी नाही नाही तितक्या वेळा लिहिलं होतं. दार उघडतं, आणि जमिनीवर आधी पाय दिसतात.

खुर्चीचे हात धरून त्या उठल्या आणि घरातल्या सपाता घालूनच खाली उतरल्या.

लाँड्रीवाल्यांच्या दारावर त्यांनी टकटक केली. उत्तर आलं नाही. दाराला खालच्या अंगाला पत्र टाकायची फट होती. गुडघे बोंबलत असताना माई जमिनीवर बसल्या आणि फटीचं झाकण बोटाने ढकललं. आत आधी पाय दिसले.

माईंच्या तोंडून किंकाळीच फुटायची. तेवढ्यात ठक, ठक असा आवाज आला. बोटाने फरशीवर कुणीतरी वाजवत होतं.

माई काठी विसरून बेकरीकडे धावल्या. धावल्या म्हणजे भिंत धरून भराभर चालल्या. बेकरीत पोचल्यावर त्यांना फक्त पावाचं वाक्य आठवलं. तेच त्या मोठ्याने म्हणाल्या. बेकरीवालीने पाव उचलला तसा माईंनी तो तिच्या हातून काढून बाजूला ठेवला, तिचा ॲप्रन धरला आणि ओढलं. तिने माईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांतल्या सपातांकडे. आणि रांगेतली गिऱ्हाइकं तशीच सोडून निघाली.

फटीतून पाहून बेकरीवालीने फोन लावला, खुणेने माईंना तिथेच थांबायला सांगितलं आणि मदतीची गाडी चुकू नये म्हणून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दारापाशी माई एकट्या उरल्या.

"अहो," त्या फटीत तोंड घालून म्हणाल्या, "मी वरची. काळजी करू नका. येतायत लोक."

ठक, ठक.

"घाबरू नका. म्हणजे मीच घाबरलेय, पण तुम्ही नका घाबरू."

ठक.

माई बोलत राहिल्या. गुडघ्याच्या पट्ट्यांचं सांगितलं, जावयाचं सांगितलं, परक्या देशात दाराची बेल कशी पोटात वाजते ते सांगितलं. ठकठक विरळ होत गेली. मग थांबली.

"अहो! अहो, वाजवा ना!" माईंनी दारावर तळहात आपटला. "हे चालायचं नाही, सांगून ठेवते. शर्ट अर्धा टाकून निघालात? इतक्या वर्षांच्या धंद्याला शोभतं का हे? मी रोज खाली उतरते ती काय त्या पावासाठी? उद्या मी कुणाकडे बघून मान हलवायची? वाजवा म्हणते ना!"

बऱ्याच वेळाने एक ठक आली. अगदी हलकी. माईंना रडू फुटलं, आणि रडतरडतच त्या रागावत राहिल्या. माणसं आली, त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं आणि दार फोडलं, तोवर.

लाँड्रीवाल्यांनी इस्पितळात काही दिवस काढले आणि मग ते वारले.

घर आवरायला त्यांचा मुलगा आला. एका संध्याकाळी माई लेकीबरोबर जिन्याने वर चालल्या होत्या. तो खोके घेऊन बाहेर येत होता. आडदांड, टक्कल पडलेला माणूस. माईंना पाहून त्याने खोका खाली ठेवला आणि लेकीशी भरभर काहीतरी बोलला. बोलता बोलता हसायला लागला.

"काय म्हणतोय?" माईंनी लेकीचा हात धरला.

"म्हणतोय, बाबा शुद्धीवर होते तेव्हा सगळ्यांना सांगायचे, वरच्या बाई दाराआडून इतक्या रागावत होत्या, की मरायची हिंमतच झाली नाही."

मुलगा अजून हसत होता. मग त्याचं हसणं कुठेतरी अडकलं. तो मटकन पायरीवर बसला आणि त्याने तोंड हातांत झाकून घेतलं. त्याचे रुंद खांदे हलू लागले.

त्या जिन्यातला दिवा थोड्या वेळाने आपोआप विझायचा. तसा तो विझला. गच्च काळोख झाला. माईंनी कठडा घट्ट धरला. लेक बटण शोधायला भिंत चाचपू लागली.

"राहू दे," माई म्हणाल्या. अंधारात हात पुढे करून त्यांनी त्या परक्या माणसाची पाठ शोधली, आणि तळहात तिथे ठेवला.