आवाज बंद, कपाट चालू

घसा बसणं वेगळं आणि घसा संपावर जाणं वेगळं. मुकादमांचा संपावर गेला होता. लोकांची घरं हलवणाऱ्या टोळीत उभी हयात ओरडण्यात काढल्यावर दुसरं काय होणार? "डावीकडे घे, टेकव, अरे भिंत काय सासऱ्याची आहे का?" हे सगळं त्यांनी अर्ध्या शहराच्या जिन्यांना ऐकवलं होतं. डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं आणि बजावलं, पंधरवडाभर चकार शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

घरात एवढी शांतता झाली की बायकोला आधी करमेना. मग चांगलंच करमायला लागलं.

आणि नेमका याच पंधरवड्यात जावयाला चेव आला. जावई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा आणि राज्य या गोष्टीवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. सरकार नको, साहेब नको, मुकादमही नको. माणसं आपापसात समजून नीट राहतात, असं त्याचं म्हणणं. याला अराजकवाद म्हणतात आणि अराजकवाद म्हणजे गोंधळ नव्हे, हे तो जेवताना इतक्यांदा सांगायचा की भाजी गार व्हायची. त्यावर मुकादमांचं उत्तर ठरलेलं असायचं, "समाजाचं राहू दे. चार माणसांनी एक कपाट, कुणी न सांगता, जिन्यावरून उतरवून दाखवावं. मग बोलू."

आता उत्तर द्यायला आवाज नव्हता आणि कपाट मात्र समोर उभं होतं. बायकोच्या माहेरचं, शिसवी, दाराला उभा आरसा असलेलं. ते मुलीकडे पाठवायचं ठरलं होतं.

"बाबा, रविवारी होऊन जाऊ दे," जावई म्हणाला. "तुम्ही हात लावा, पण सांगायचं काही नाही. तसंही सांगता येणार नाहीच."

मुकादमांनी मान डोलावली. आतून मात्र त्यांचं धाबं दणाणलं होतं. कपाट फुटलं तर बायको सोडणार नव्हती. आणि न फुटता खाली पोचलं, तर इतकी वर्षं आपण ओरडत होतो ते कशाला? हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा वाईट होता. आरशाला धक्का न लागता कपाट कुठेतरी थोडंसं घासावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटू लागलं.

रविवारी टोळी आली. टोळी म्हणजे लंबू आणि पैलवान; चौथा हात जावयाचा. आरशावर जाड कांबळं बांधलं. लंबू आणि जावयाने वरचे कोपरे धरले, पैलवानाने पट्टा खांद्यावर घेतला. खालची बाजू मुकादमांची. जिना अरुंद, खाली एकच माणूस मावायचा. सगळं वजन तिथे येतं आणि वरून हात सुटला तर पहिला तोच सापडतो. ती जागा मुकादमांनी आजवर दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

"एक शब्द काढलात तर डॉक्टरांना फोन लावीन," बायको दारातून म्हणाली.

पहिल्या मजल्यापर्यंत कपाट लोण्यासारखं उतरलं. मुकादमांचा चेहरा पडत चालला. "सहकार्य," जावई धापा टाकत म्हणाला, "यालाच म्हणतात."

वळणावर कपाट थांबलं. मुकादमांना इतका आनंद झाला की हातातलं वजन निम्मं झाल्यासारखं वाटलं. अडलं शेवटी. आपल्यावाचून अडलं.

"का थांबलो?" जावयाने विचारलं. लंबू पैलवानाकडे बघत राहिला. पैलवान मान वाकडी करून खाली डोकावू लागला.

"म्हणजे तुम्हाला हुकूम हवाच," जावई पडलेल्या आवाजात म्हणाला. त्याचं अख्खं राज्यशास्त्र त्या वळणावर अडकून बसलं होतं.

"हुकूम कसला?" लंबू म्हणाला. "मुकादमांचे हुकूम आम्ही कधी ऐकलेत? तोंडासमोर कपाट, खालून त्यांना दिसणार काय? ते डावीकडे म्हणायचे, आम्ही जिकडे जागा असेल तिकडे घ्यायचो. ज्याला दिसतं त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तसं करायचं."

"निम्म्या वेळा ते उलटंच सांगायचे," पैलवानाने भर घातली. "समोरासमोर ना. त्यांचं डावं ते आमचं उजवं."

मुकादमांनी एक शिवी जुळवली. ती घशापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. त्यांना भयंकर वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते घामाच्या नावावर खपून गेलं.

"मग आता अडलंय कुठे?" जावयाला काही कळेना.

"आवाज नाही ना," लंबू म्हणाला. "ओरडणं चालू असलं की कळतं, खाली माणूस शाबूत आहे. आता काहीच ऐकू येत नाही. पाय सटकला असेल, भिंतीशी दबले असतील, आपल्याला समजणार कसं? मग पुढे ढकलायचं कुणाच्या जिवावर?"

"मुकादम," पैलवानाने हाक मारली, "आहात ना?"

बोलायची बंदी, हात अडकलेले. मुकादमांनी कपाळ कपाटाच्या लाकडावर आपटलं. टक, टक.

"आहेत," लंबू म्हणाला, आणि कपाट हललं.

उरलेला जिना असाच उतरला. दर चार पायऱ्यांनी खालून टकटक, वरून "आहेत." आरसा सहीसलामत पोचला. मुलीच्या घरी कांबळं सोडलं तेव्हा आरशात मुकादमांना आपल्या कपाळावरचं लालभडक टेंगूळ दिसलं.

"तर बाबा, हुकमाशिवाय झालं की नाही?" जावयाने विचारलं. मुकादमांनी अशी काही मान हलवली की तिचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यावा.

पंधरवडा सरला, आवाज परत आला. पहिलंच काम निघालं ते एका दातांच्या डॉक्टरांची अगडबंब खुर्ची वरच्या मजल्यावरून उतरवायचं. मुकादम खालच्या जागी उभे राहिले, सवयीने छाती भरून घेतली आणि ओरडले, "डावी..."

तिथेच थांबले. वर लंबू आणि पैलवान वाट बघत होते.

"आहे रे मी," मुकादम म्हणाले.

"आहेत," लंबू म्हणाला, आणि खुर्ची उतरू लागली.